खाणीतलं जनावर

मोहोराचा वास गोड असतो असं लिहिणारी माणसं बहुधा मोहोराखाली राहत नाहीत. तो वास तुरट असतो, जरासा आंबूस, आणि दोन दिवसांत त्यात फवारणीच्या औषधाची कडवट धार मिसळते. यंदा थंडी उशिरा पडली, पण पडली. काल सकाळी खिडकी उघडली आणि वास आत आला. अशा सकाळी आमच्या रत्नागिरीत माणसं एकमेकांना फोन करून कलमांची खुशाली सांगतात. मी मात्र काही कळायच्या आत मागच्या दाराची कडी लागलीय का ते बघून आले. कडी लागलेली होती. तरी पुन्हा बघितली.

भीतीलाही हंगाम असतो. माझी भीती मोहोराबरोबर येते आणि कैऱ्या धरल्या की ओसरते. तशी मी भित्री नाही. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं. निरीक्षक, संस्थाचालक आणि पालक या तिन्ही जातींना मी तोंड दिलं आहे. पण काही वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामाने मला दाराच्या कडीकडे बघायला शिकवलं.

आमचं घर गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. घरामागे चढण, चढणीवर हापूसची बाग, आणि बाग संपते तिथे सडा. डोंगराचा माथा कुणी सुरीने सपाट कापून ठेवावा तसा हा जांभ्याचा काळा कातळ. श्रावणात त्यावर फुलं येतात आणि फुलांमागून मोठे कॅमेरे घेतलेली माणसं येतात. पौषात फुलंही नसतात आणि माणसंही. उरतं ते पिवळं, कमरेएवढं गवत, आणि त्यातून वाहणारा वारा. दूरवर समुद्राची एक राखाडी रेघ दिसते. तिचा आवाज येत नाही.

सड्याच्या कडेला, आमच्या बागेला लागून, एक जुनी चिऱ्याची खाण आहे. चिरा संपल्यावर मालक यंत्रं घेऊन गेला. खड्डा न्यायची पद्धत नसल्याने तो राहिला. तीन बाजूंना करवतीने कापलेल्या उभ्या भिंती, तळाला पावसाचं हिरवट पाणी, आणि एका कडेला उपसून टाकलेल्या मातीचा ढीग. त्या ढिगावर करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. तिकडे कुणी जात नसे. जाण्यासारखं काही नव्हतंच.

बाग माझे दीर बघतात, अण्णा. दर पावसाळा संपला की आमच्याकडे नेपाळहून राखणदार येतात आणि पुढचा पाऊस लागायच्या आत परत जातात. आमचे आंबे आमच्यापासूनच राखायचे असल्याने बाहेरची माणसं लागतात. त्या वर्षी दिलबहादूर आला होता, सोबत त्याची बायको कमला आणि नुकती चालायला लागलेली मुलगी. तिला ते सानू म्हणत. चालायला लागलेलं मूल म्हणजे काय, हे ज्याने बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. पाय आलेले असतात, अक्कल यायची असते.

एके दिवशी दिलबहादूर आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. अण्णा सुपारी कातरत बसले होते.

"भाईसाब, खान में जनावर है."

अण्णांची सुपारी थांबली. "मोठं आहे?"

"बडा है."

"रंग कसा?"

"भुरा. रोज सुबह बाहर आके धूप में बैठता है."

"तुका काय केलं नाय ना?" असं मालवणी सोंग घेऊन अण्णांनी विचारलं, गंभीर गोष्ट आली की ते थट्टेचा आधार घेतात. मग माझ्याकडे वळून, हात जोडून म्हणाले, "वैनी, ऐकलंत काय? राखणदार आला आपल्या बागेत."

इथे आमच्या भाषेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. घाटावर जनावर म्हणजे गाय-बैल. हिंदीत कुठलाही प्राणी. पण आमच्याकडे साप हा शब्द तोंडातून काढायचा नाही, काढला तर तो ऐकतो. म्हणून त्याला जनावर म्हणायचं. अंगणात कुणी "जनावर!" असं ओरडलं तर आम्ही आकाशाकडे किंवा गोठ्याकडे बघत नाही, पायांकडे बघतो. आणि जागेला धरून राहणारं जुनं जनावर असेल, तर तो त्या जागेचा राखणदार. त्याला डिवचायचं नाही. त्याचा मान ठेवायचा.

"त्याच्या वाटेला जायचं नाय," अण्णांनी फर्मावलं. "तो काय करत नाय. सोमवारी नारळ ठेवायचा तिथे. आणि एक अंडं. कळलं?"

दिलबहादूरच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला तेव्हा भक्ती वाटलं. "ठीक है, भाईसाब," तो म्हणाला. पुढे दर सोमवारी तो मातीच्या ढिगाजवळ नारळ आणि अंडं ठेवत राहिला. नारळ तसाच राही. अंडं मात्र दुसऱ्या दिवशी नसे. अण्णा ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि दर खेपेला जनावर हातभर वाढे. त्या वर्षी मोहोरही भरघोस आला होता. तोही राखणदाराच्या खात्यावर जमा झाला.

त्याच सुमारास माझा मुलगा पुण्यात फ्लॅट बघत होता. त्याने मला एक गुळगुळीत पुस्तिका पाठवली होती. तीत लिहिलं होतं की मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी निसर्गाच्या कुशीत, शाळा-दवाखान्यापासून पायी अंतरावर, चोवीस तास पाणी आणि तीन स्तरांची सुरक्षा असलेली वसाहत उभी राहते आहे. चित्रातली मुलं कुठल्याही देशाची वाटत होती. मी ती पुस्तिका वाचली, आणि माणूस पिल्लांसाठी जागा निवडताना किती कागद वाया घालवतो, याचा विचार करत बागेत गेले.

कमला झोपडीबाहेर चूल फुंकत होती. सानू मातीत बसून रिकाम्या बाटलीला पानं भरवत होती. ऊन अजून कोवळं होतं, आणि मोहोरावर मधमाश्यांचा एकसुरी आवाज चालू होता.

"काकी, चार बच्चे हुए," कमला म्हणाली.

"कुणाला?"

तिने हनुवटीने खाणीकडे दाखवलं. "जनावर को."

मी हसले. "चारच? नागिणीची जास्त असतील. नीट बघ."

"नहीं काकी, चारच. एकदम काळे-काळे. सब मिलके दूध पीते हैं उसका."

चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं. सापाची पिल्लं आईचं दूध पीत नाहीत, एवढं प्राणिशास्त्र मी मुलांना कित्येक वर्षं शिकवलं होतं. मी सानूकडे बघितलं, मग खाणीकडे, आणि दोन्हींमधल्या गवताकडे. मधे रचलेल्या दगडांचा एक गुडघ्याएवढा गडगा होता. एक हाक मारावी तेवढं अंतर.

कमला मला खाणीच्या वरच्या कडेला घेऊन गेली. आम्ही पालथ्या पडून खाली बघितलं. कातळ छातीला गार लागत होता. समोरच्या मातीच्या ढिगावर, करवंदीच्या मुळांशी बिळाचं काळं तोंड होतं, आणि तोंडासमोर ती बसली होती. मी कल्पना केली होती त्याहून लहान आणि उंच. सुकल्या गवताच्या रंगाची, लांब पायांची, अंगापिंडाने उपाशी. पोटाशी लोंबणाऱ्या आचळांमुळे ती आणखीच हडकुळी दिसत होती. वारा आमच्याकडून तिच्याकडे फिरला असावा. तिने मान वर केली.

कुत्रा माणसाकडे बघताना काहीतरी मागत असतो, नाहीतर चुकवत असतो. तिला माझ्याकडून काहीच नको होतं. ती फक्त मी किती लांब आहे ते बघत होती. तिचे डोळे फिके पिवळे होते, आणि त्यांत मी एक अंतर होते, बाकी काही नाही. शेजारी कमला शांतपणे पुटपुटली, "ब्वाँसो." तिच्या भाषेतला शब्द. तो मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"आधी का नाही सांगितलंस, बाई?"

"सांगितला ना. साहेब बोले, नारियल रखो." ती जरा थांबली. "हमको लगा, तुम्हारा देव होगा."

अण्णांनी ऐकलं तेव्हा ते प्रथम हसले. "लांडगा? कोकणात? वैनी, लांडगा घाटावरचा. मेंढरांमागचा. तो इथे काय आंबे खायला येतोय?" मग हसू गेलं. "म्हणजे ती अंडी..." असं म्हणून ते खाली बसले. राखणदाराच्या गोष्टी त्यांनी इतक्या लोकांना सांगितल्या होत्या, की लांडग्यापेक्षा त्यांना त्या लोकांची भीती जास्त वाटली असावी.

वनखात्याचा माणूस आला. तरुण होता, साताऱ्याकडचा. अण्णा त्याला म्हणाले, "आम्हाला वाटलं, जनावर आहे."

"खाणीत गुरं बांधता तुम्ही?" त्याने विचारलं.

"गुरं नव्हे हो. जनावर, जनावर!"

त्यांची समजूत पटेपर्यंत चहा निवला. पण त्याने सांगितलं ते सरळ होतं. पिल्लं लहान आहेत, ती धावती झाली की आई स्वतःच त्यांना घेऊन जाईल. तोवर तिकडे कुणी फिरकायचं नाही, आवाज करायचा नाही, आणि झोपडीतलं मूल क्षणभरही एकटं सोडायचं नाही. शेवटचं वाक्य बोलताना त्याने आवाज खाली आणला. मला ते मोठ्याने म्हटलेलं जास्त बरं वाटलं असतं.

मग मी लांडग्यांविषयी मिळेल ते वाचू लागले. ज्याची भीती वाटते त्याविषयी वाचलं की भीती कमी होते, हा शिकलेल्या माणसांचा गैरसमज आहे. ती फक्त तपशीलवार होते. मादी व्यायच्या आधी जागा शोधत हिंडते, असं कळलं. माती भुसभुशीत हवी, म्हणजे साळिंदराचं जुनं बीळ असेल तर ते रुंद करता येतं. पाणी जवळ हवं, कारण दूध पाजणारीला तहान फार. पाठीशी आडोसा हवा आणि पुढे नजर पोचेल तेवढं मोकळं. माणूस शक्यतो नको; असला तर त्याची ये-जा ठरलेली हवी. मी आमचा सडा डोळ्यांसमोर आणला. मैलभर नुसता कातळ, आणि त्यात मऊ माती कुठे, तर माणसाने उपसून टाकलेल्या ढिगात. पाणी माणसाच्या खड्ड्यात. तीन भिंती माणसाने कापलेल्या. कुणी पुस्तिका छापली नव्हती, तरी तिने जागा अचूक निवडली होती.

आणि झोपडीची जागा? ती अण्णांनी निवडली होती. चारी गडगे दिसतील आणि मोबाइलला रेंज मिळेल अशी. तिथे एक बाई मूल वाढवणार आहे, हा विचार त्या निवडीत कुठेच नव्हता. माझ्याही मनात तो तोवर आला नव्हता. खाणीतलीला विचारणारं कुणी नव्हतं म्हणून तिने स्वतः ठरवलं. कमलालाही कुणी विचारलं नव्हतं, पण तिला ठरवताही येत नव्हतं. बाग सोडावी तर हंगाम बुडतो, मग पुढचं वर्ष कशावर काढायचं?

"तू खाली आमच्या घरी येऊन राहा," मी तिला म्हटलं. मला त्या वेळी आपल्या मोठेपणाचं थोडं कौतुकही वाटलं.

ती आली. सानूला कडेवर घेऊन ती आमच्या घरभर हिंडली, आणि मी पहिल्यांदाच माझं घर बघितलं. विहिरीशी थांबून तिने कठड्याला हात लावला; कठडा सानूच्या छातीला लागत होता. पडवीत फवारणीच्या औषधांचे डबे रांगेने उभे होते, एकाचं झाकण सैल. तिने ते वास न घेता ओळखलं. साखळीला बांधलेला आमचा कुत्रा मोत्या दात दाखवत उठला. ती फाटकापर्यंत गेली. फाटक वाऱ्याने आपोआप उघडत होतं, आणि त्यापलीकडून दर्शनाला उशीर झालेल्या गाड्या हॉर्न वाजवत गणपतीपुळ्याकडे सुटल्या होत्या.

ती परत आली. "काकी, इधर बहुत डर है."

"आणि वर?"

"ऊपर एकच डर है. और वो किधर बैठता है, मेरे को मालूम है."

ती वर निघून गेली. मला रागही आला, आणि तिच्या म्हणण्यात चूक काढता येईना म्हणून आणखी राग आला.

पुढचे दिवस मी काठी टेकत रोज वर जाऊ लागले. आम्ही दोघी झोपडीपुढे बसायचो, खाणीकडे तोंड करून. सानूच्या कमरेला जुन्या साडीचा पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक कमलाच्या हाताला. थंडीतलं ऊन पाठीवर छान लागतं म्हणतात. मला त्या दिवसांत पाठीवर काहीही नको असे. गवत हललं की मी उठून उभी राही. बहुतेक वेळा तो वारा असे. कधी ससा. एकदा संध्याकाळच्या अंगाला ती मादी खाणीच्या कडेवर येऊन उभी राहिली, आणि तिने आवाज काढला. आम्हाला कोल्हेकुई माहीत आहे. ती बाजारासारखी असते, सगळे एकदम बोलतात. हा एकच आवाज होता, लांब, वर चढत जाणारा आणि मधेच सोडून दिलेला. खालच्या वाडीतले सगळे कुत्रे गप्प झाले. मोत्या खाटेखाली शिरला तो दुसऱ्या दिवशीच बाहेर आला. सानूने मात्र ओठांचा चंबू करून तसाच आवाज काढून बघितला. कमलाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

खालच्या वाडीतली एक शेळी नाहीशी झाली आणि गोष्ट गावाची झाली. आमच्या गावात एक दादा आहेत. कसले दादा ते नक्की सांगता येत नाही, पण प्रत्येक फलकावर ते असतात. दोन दिवसांत नाक्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो लागला आणि खाली अक्षरं: 'लांडगामुक्त सडा अभियान'. मी त्यांना भेटायला गेले. ते माझे विद्यार्थी. निबंधात पानंच्या पानं लिहायचे.

"अहो बाई, तुम्हीच घाबरलात तर कसं व्हायचं?"

"घाबरल्ये म्हणूनच सांगत्ये. वनखात्याने आवाज करू नका म्हणून बजावलंय. ती हलली तर जाईल कुठे?"

"जाईल घाटावर! घाटावरचं घाटावर गेलं म्हणजे झालं. तुम्ही निर्धास्त राहा."

"अरे, तिला तुझी हद्द कशी कळणार?"

"बाई," दादा हसून म्हणाले, "तुमचे प्रश्न अजून वर्गातल्यासारखेच हो!"

आणि ते दुपारी वर गेले. शिमग्याचे ढोल हंगामाआधीच बाहेर काढले होते. ताशे, थाळ्या, फटाक्यांच्या माळा, आणि सर्वांत पुढे व्हिडिओ काढणारा, उलटा चालत. अण्णाही गेले, राखणदाराचा कलंक धुवायला त्यांना हीच संधी होती. मी अंगणात उभी राहून ऐकत होते. कातळावर ढोल वेगळा वाजतो, पायाखालून येतो. मग माळ तडतडली. मग आरोळ्या. मग पुन्हा ढोल, पण आता वरातीसारखा, म्हणजे काम फत्ते झालं असावं.

खाणीत त्यांना कुणी दिसलं नाही. बीळ रिकामं होतं, त्यात त्यांनी पेटता पेंढा टाकला. देवळासमोर लगेच सत्कार झाला. दादांना शाल आणि नारळ मिळाला. त्या हंगामात आमच्या गावाने नारळ दिलेले ते दुसरे. सूर्य अजून मावळायचा होता, आणि लाऊडस्पीकरवर कुणीतरी सांगत होतं, की आता आयाबहिणींनी निर्भयपणे सड्यावर जावं.

त्याच वेळी कमला बागेतून खाली आली. पाठीवर बोचकं, छातीशी सानू, ओढणीने घट्ट बांधलेली. तिने सांगितलं ते असं. ढोल चढण चढायला लागले तेव्हाच ती बिळातून बाहेर आली. एक पिल्लू मानेला धरून गवतात गेली, परत आली, दुसरं नेलं. तिसरं नेलं. चौथ्यासाठी आली तेव्हा माणसं गडग्याशी पोचली होती. ती क्षणभर थांबली, मग गवतात वळली. चौथ्याचं काय झालं ते कमलाला दिसलं नाही. पेंढ्याचा धूर फार होता.

या वेळी कमलाने घर बघितलं नाही. तिला ते पाठ होतं. विहीर, डबे, फाटक, मोत्या, सगळ्यांना वळसा घालून ती सरळ मागच्या खोलीत गेली. आम्ही तिथे भाताची कणगी ठेवतो. खिडकी नाही, दार एकच. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून ती बसली. सानू ओढणीत झोपून गेली होती. मे संपायच्या आत ते तिघेही धडधाकट आपल्या गावी गेले, आणि पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. तोवर ती सानूला घेऊन एकदाही वर गेली नाही. दिलबहादूर बाग एकट्याने राखत होता.

त्या संध्याकाळी मी तिला चहा नेऊन दिला. देवळाकडचा लाऊडस्पीकर बंद झाला होता. मोहोराचा वास त्या कोंदट खोलीतही शिरला होता, आणि त्यात धुराचा वास होता.

"काकी," ती हळूच म्हणाली, "वो लोग किधर गये?"

मला वाटलं, ढोलवाल्यांचं विचारतेय. "गेले की घरी," मी म्हटलं.

तिने मान हलवली. ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

"वो नहीं."

मी चहाचा पेला तिच्याजवळ ठेवला आणि मागे वळून दार लावून घेतलं.